सॅटेलाइट लिंकवरचा प्रॉक्सी पुन्हा पुन्हा अडकतोय? बिघाड कोणत्या वेळी येतो ते आधी बघा

तक्रार बहुतेक ठिकाणी एकसारखीच असते. सॅटेलाइट इंटरनेट आहे, एका मशीनवर स्क्विड हा कॅशिंग प्रॉक्सी (मध्ये बसून पानं आणणारा आणि परत लागतील म्हणून साठवून ठेवणारा प्रोग्रॅम) बसवला, सगळ्यांचे ब्राउझर त्याच्याकडे वळवले. पहिले काही दिवस पानं पटापट उघडतात. मग एके दिवशी सगळं ठप्प. स्क्विड रीस्टार्ट केला की सुरळीत, आणि थोड्या दिवसांनी परत तेच. शेवटी कुणीतरी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या यंत्रणेत) रोज पहाटेचा रीस्टार्ट टाकतं आणि विषय तिथेच सोडून दिला जातो.

तो रीस्टार्ट आधी काढून टाका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्यानं खरं कारण झाकलं जातं. शिवाय मेमरीत साठवलेलं सगळं रोज पुसलं जातं, आणि ते परत आणायला तीच तोकडी लिंक वापरावी लागते.

'नेट स्लो झालंय' या एका वाक्यामागे बरेच वेगवेगळे बिघाड असू शकतात. वापरणाऱ्याला ते सारखेच दिसतात, पण परत येण्याची प्रत्येकाची वेळ निराळी असते. एक गर्दीच्या तासाला येतो, एक कॅश (साठवलेल्या मालाची जागा) भरत जाईल तसा वाढत जातो, एक फक्त वीज जाऊन आल्यावर दिसतो, एक पाऊस थांबल्यावर. म्हणून कॉन्फिग फाइलला हात लावण्याआधी आठवडाभर नोंद ठेवा: किती वाजता अडकलं, तेव्हा अंदाजे किती उपकरणं चालू होती, आधीपासून उघडी असलेली कामं चालत होती का, रीस्टार्टनं सुटलं का. एवढ्यावर बरंचसं निदान होतं.

(खाली सेटिंगची नावं देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची.)

वेळ नक्की कुठे जातो

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तुमची विनंती वर जाते, खाली उतरते, आणि उत्तर त्याच वाटेनं परत येतं. चार टप्पे मिळून सुमारे १,४३,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानं एवढं अंतर कापायला ४७७ मिलिसेकंद लागतात. मोडेम, गेटवे आणि पुढचं इंटरनेट धरून एक फेरी साधारण ६०० ते ७०० मिलिसेकंदांची होते. जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी हा आकडा खाली येत नाही, कारण तो अंतराचा आहे.

आता एखादं नवीन एचटीटीपीएस पान उघडताना काय होतं ते मोजा. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधायला डीएनएसची एक फेरी, टीसीपी जोडणीची एक, जोडणी कूटबद्ध करणारं टीएलएस १.२ असेल तर आणखी दोन (१.३ असेल तर एक), मग खुद्द विनंतीची एक. म्हणजे पाच फेऱ्या, तीन सेकंद, आणि तेव्हा कुठे पहिला बाइट हातात येतो. पुढे टीसीपीची सावध सुरुवात आड येते. आजकाल पहिल्या फेरीत दहा पॅकेट, म्हणजे साधारण १४ केबी पाठवले जातात, आणि दर फेरीला ते दुप्पट होतात. १ एमबीची फाइल यायला अशा सात फेऱ्या लागतात. लिंक कितीही रुंद असली तरी ते चार सेकंद जातातच.

हे एवढ्या तपशिलात सांगण्याचं कारण असं, की प्रॉक्सीकडून आपल्याला दोन वेगळी कामं हवी असतात: बाइट वाचवणं आणि फेऱ्या वाचवणं. बहुतेक वेब आता एचटीटीपीएसवर आहे, त्यामुळे पहिल्या कामाला मर्यादा पडली आहे. दुसऱ्याला मात्र अजून भरपूर वाव आहे, आणि त्यातला मोठा हिस्सा स्क्विडच्या बाहेर, डीएनएसमध्ये आहे. त्याकडे खाली येतोच.

खालच्या कक्षेतल्या उपग्रहांची गोष्ट वेगळी. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात आणि फेरी काही दहा मिलिसेकंदांत होते. तिथे कॅश लावायची ती डेटा वाचवण्यासाठी. पण प्रॉक्सी अडकण्याची जी कारणं पुढे दिली आहेत, त्यातली बरीचशी तिथेही लागू पडतात.

आधी प्रॉक्सी बाजूला ठेवून एक तपासणी

एक लॅपटॉप सरळ मोडेमला जोडा आणि बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग लावून ठेवा. ६०० ते ७०० च्या आसपास स्थिर आकडे येत असतील तर लिंक निरोगी आहे. आता बाकीची सगळी उपकरणं चालू असताना तेच करा. आकडा २,००० किंवा ३,००० वर गेला, तर उपग्रहाचं अंतर काही वाढलेलं नाही. वर जाणाऱ्या वाटेवर रांग लागली आहे.

सॅटेलाइटवर अपलोड नेहमीच अरुंद असतो. एखाद्या फोननं फोटोंचा बॅकअप सुरू केला की तो एकटा ही वाट भरून टाकतो. मग डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात आणि डाउनलोडसुद्धा मंदावतो. याला कॅशिंग प्रॉक्सीचा कणभर उपयोग नाही. राउटरवर केक किंवा एफक्यू-कोडेल ही रांग आवरणारी पद्धत लावा आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या जरा खाली बांधा, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता तुमच्या ताब्यात राहते. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण ही रांग असताना पुढची कुठलीच मोजमापं खरी येत नाहीत.

गर्दीच्या तासाला ठप्प, रीस्टार्टनं लगेच ठीक

हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. खूण अशी, की ज्याचं काम आधीपासून चालू आहे त्याचं चालूच राहतं, पण नवीन काही उघडत नाही. कॅश लॉगमध्ये शोधा, 'रनिंग आउट ऑफ फाइलडिस्क्रिप्टर्स' असा इशारा सापडेल.

स्क्विडला प्रत्येक जोडणीसाठी एक फाइल डिस्क्रिप्टर (ऑपरेटिंग सिस्टिमनं त्या जोडणीला दिलेला क्रमांक) लागतो. एचटीटीपीएसचं टनेल (आत न बघता सरळ पुढे पाठवलेली कूटबद्ध जोडणी) असेल तर दोन: एक वापरणाऱ्याच्या बाजूचा, एक बाहेरच्या सर्व्हरच्या बाजूचा. समजा ६० उपकरणं आहेत, आणि ब्राउझर व मागे चालणारी ॲप्स धरून प्रत्येकाच्या १५ जोडण्या उघड्या आहेत. ९०० टनेल, म्हणजे १,८०० डिस्क्रिप्टर. बऱ्याच सिस्टिमवर मर्यादा मुळात १,०२४ ची असते. ती भरली की स्क्विड नव्या जोडण्या घेणं थांबवतो. रीस्टार्टनं सगळ्या जोडण्या तुटतात, आकडा शून्यावर येतो, आणि उद्या त्याच वेळी परत भरतो.

सॅटेलाइटवर हे जास्त का होतं? एक तर प्रत्येक जोडणी उघडायला आणि काम संपवायला वेळ लागतो, त्यामुळे एकाच वेळी उघड्या असलेल्यांची संख्या आपोआप वाढते. पान आलं नाही म्हणून लोक पुन्हा पुन्हा रीलोड दाबतात, त्यात भर पडते. आणि लिंक मध्येच पडली तर दोन्ही टोकं एकमेकांची वाट बघत बसतात. स्क्विडचा रीड_टाइमआउट मुळात १५ मिनिटांचा आहे, तेवढा वेळ मेलेल्या जोडण्या जागा अडवून ठेवतात. केबल किंवा फायबरवर इतक्याच उपकरणांना हा त्रास कधी जाणवला नसेल, म्हणून 'तिथे तर हेच कॉन्फिग चालत होतं' हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

उपाय सोपा आहे, पण दोन जागी करावा लागतो. स्क्विडमध्ये मॅक्स_फाइलडिस्क्रिप्टर्स ८१९२ करा, आणि सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिस फाइलमध्ये लिमिट-नोफाइल तेवढंच किंवा जास्त ठेवा. फक्त पहिलं केलं तर सिस्टिमची मर्यादा आड येते आणि बदल केल्यासारखं वाटूनही काहीच बदललेलं नसतं. रीकॉन्फिगर पुरत नाही, पूर्ण रीस्टार्ट लागतो. मग स्क्विडच्या कॅश मॅनेजरच्या माहिती पानावर जाऊन कमाल डिस्क्रिप्टर आणि सध्या वापरात असलेले, हे दोन आकडे डोळ्यांनी बघा. गर्दीच्या तासाला परत बघा. रीड_टाइमआउटही ५ मिनिटांवर आणायला हरकत नाही.

जसजशी कॅश भरते तसतसा मंदावतो, रीस्टार्टनं फारसा फरक नाही

इथे संशय रॅमवर घ्या. कॅश_मेम म्हणजे स्क्विडला लागणारी एकूण मेमरी, असा समज फार पसरलेला आहे. तसं नाही. ती फक्त मेमरीत ठेवायच्या वस्तूंची जागा. डिस्कवर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची अनुक्रमणिका स्क्विड रॅममध्येच ठेवतो, आणि ६४ बिट मशीनवर डिस्क कॅशच्या दर १ जीबीमागे अंदाजे १४ एमबी धरावे लागतात. डिस्क मोठी आहे म्हणून २०० जीबीची कॅश दिली, तर नुसती अनुक्रमणिका २.८ जीबीची. मशीनची रॅम ४ जीबी, कॅश_मेम १ जीबी, वर ऑपरेटिंग सिस्टिम. सुरुवातीला कॅश रिकामी असते म्हणून काही जाणवत नाही. ती भरत जाते, रॅम अपुरी पडते, मशीन स्वॅप करू लागतं, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्क वापरू लागतं, आणि जी वस्तू डिस्कवरून क्षणात यायला हवी तिला उपग्रहावरून आणण्याइतका वेळ लागतो. व्हीएमस्टॅट चालवून स्वॅपचे दोन रकाने बघा. ते सतत हलत असतील तर हेच कारण.

माझं मत विचाराल तर सॅटेलाइट लिंकवर अवाढव्य डिस्क कॅशला अर्थच नाही. महिन्याचा कोटा किती ते बघा. त्यातला बहुतेक डेटा एचटीटीपीएस टनेलमधून जातो आणि साठवलाच जात नाही. उरलेल्यासाठी ३०–५० जीबी भरपूर होतात.

याच गटातला दुसरा गुन्हेगार म्हणजे भरलेली डिस्क. कॅश ज्या विभाजनावर आहे त्याची सगळी जागा कॅश_डिरला (डिस्क कॅशची जागा ठरवणाऱ्या सेटिंगला) देऊ नका, पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. लॉग रोज फिरवले जातात का तेही तपासा. स्क्विडला रोटेटचा हुकूम दिला की लॉग बदलतात आणि स्वॅप-स्टेट ही हिशेबाची फाइलही साफ होते. तो कधीच दिला नसेल तर दोन्ही फुगत राहतात.

वीज जाऊन आल्यावर काहीच उघडत नाही

प्रॉक्सी एखाद्या छोट्या बोर्डावर चालवत असाल तर हा भाग नीट वाचा. अशा अनेक बोर्डांवर घड्याळाला बॅटरीच नसते. वीज गेली की वेळ थांबते, आणि परत आल्यावर मशीन जुन्या तारखेनं उठतं. डीएनएस सर्व्हर डीएनएससेक (उत्तरांवरच्या डिजिटल सह्या) तपासत असेल तर चुकीच्या तारखेमुळे त्याला सगळ्या सह्या अवैध वाटतात आणि तो एकही नाव सोडवत नाही. वेळ दुरुस्त करायला एनटीपी (नेटवरून वेळ आणणारा प्रोटोकॉल) लागतो, एनटीपीच्या सर्व्हरचा पत्ता नावानं दिलेला असतो, आणि नाव सुटत नाही. दोघं एकमेकांवर अडून बसतात. मग कुणीतरी हातानं तारीख घालतं, सगळं चालू होतं, आणि पुढच्या वेळी वीज गेली की परत तेच.

एनटीपीचा निदान एक सर्व्हर आयपी पत्त्यानं द्या. त्याहून चांगलं म्हणजे बोर्डाला बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचं, म्हणजे आरटीसी मॉड्यूल लावा, ते फारसं महाग नसतं. वेळ थोडीशीच चुकली तरीही कॅशला फटका बसतो. घड्याळ पुढे गेलं असेल तर साठवलेल्या ताज्या वस्तू शिळ्या ठरतात आणि प्रत्येकीसाठी 'अजून चालेल का' हे विचारायला एक फेरी जाते. ॲक्सेस लॉगमध्ये अचानक टीसीपी_रिफ्रेशच्या ओळी वाढल्या तर आधी घड्याळ बघा.

डीएनएस: इथेच सगळ्यात जास्त वेळ वाचतो

स्थानिक डीएनएस कॅश नसेल तर प्रॉक्सी कितीही नीट लावा, प्रत्येक नव्या नावाला ६०० मिलिसेकंद द्यावेच लागतात. त्यामुळे प्रॉक्सीच्याच मशीनवर अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर चालवा आणि सगळ्यांना तोच डीएनएस द्या. पण तो मूळ सेटिंगवर सोडू नका. तीन गोष्टी बदला.

पहिली गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अनोळखी सर्व्हरच्या उत्तराची अनबाउंड मुळात ३७६ मिलिसेकंद वाट बघतो. भूस्थिर लिंकवर ४७७ च्या आत उत्तर येणं निसर्गनियमानंच शक्य नाही. म्हणजे प्रत्येक पहिला प्रश्न वेळ संपली म्हणून परत विचारला जातो, आणि अरुंद अपलोडवर उगाच भार पडतो. अननोन-सर्व्हर-टाइम-लिमिट ११२८ करा. हा आकडा अनबाउंडच्या माहितीपत्रकातच दिलेला आहे, तोही संथ सॅटेलाइट लिंकसाठी म्हणूनच.

दुसरी: स्वतः मुळापासून नावं शोधू देऊ नका. रूट सर्व्हर, मग वरच्या पातळीचा, मग त्या साइटचा, अशा तीन फेऱ्या म्हणजे जवळजवळ दोन सेकंद. त्याऐवजी पलीकडच्या एखाद्या चांगल्या रिझॉल्व्हरकडे (नावं सोडवून देणाऱ्या सर्व्हरकडे) फॉरवर्ड करा, एका फेरीत काम होतं. तिसरी: प्रीफेच आणि सर्व्ह-एक्सपायर्ड चालू ठेवा. नेहमीची नावं मुदत संपण्याआधी ताजी केली जातात, आणि मुदत संपलेलं उत्तरही तात्पुरतं दिलं जातं.

पाऊस थांबून लिंक परत आली तरी दहा-पंधरा मिनिटं काही उघडत नाही, हा बिघाडही इथलाच. लिंक बंद असताना ज्या सर्व्हरनं उत्तर दिलं नाही, तो मेला आहे अशी अनबाउंड नोंद करतो, आणि ही नोंद मुळात ९०० सेकंद टिकते. अनबाउंड-कंट्रोलला फ्लश_इन्फ्रा ऑल सांगितलं की ती पुसली जाते. वारंवार होत असेल तर इन्फ्रा-होस्ट-टीटीएल कमी करून ठेवा.

प्रॉक्सी चालतोय, पण हिट लागतच नाही

हिट म्हणजे मागितलेली वस्तू कॅशमध्येच सापडणं, मिस म्हणजे ती बाहेरून आणावी लागणं. ॲक्सेस लॉगची एखादी ओळ घ्या. दुसरा रकाना लागलेल्या वेळेचा, मिलिसेकंदांत. चौथा निकालाचा. तिथे टीसीपी_टनेल दिसत असेल तर ते एचटीटीपीएस आहे, आत काय गेलं ते स्क्विडला दिसत नाही, साठवण्याचा प्रश्नच येत नाही. अशा ओळी सगळ्यात जास्त असतील आणि ते स्वाभाविक आहे. तुमचं कॉन्फिग चुकलेलं नाही.

यावर एसएसएल-बंप वापरून मध्येच उलगडण्याचा मार्ग सुचवला जातो. तांत्रिकदृष्ट्या तो आहे: प्रत्येक उपकरणावर तुमचं प्रमाणपत्र बसवायचं आणि स्क्विडनं प्रत्येक साइटच्या नावानं स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करायचं. पण दुसऱ्यांच्या बँकेचे आणि पत्रव्यवहाराचे व्यवहार तुमच्या मशीनवर उघडे होतात, प्रमाणपत्र पक्कं बांधून ठेवणारी ॲप्स बंद पडतात, आणि ते यंत्र हॅक झालं तर सगळ्यांचं सगळं गेलं. सामायिक जोडणीवर हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काही टक्के बाइट वाचवण्यासाठी एवढी किंमत द्यायची नसते.

साठवण्यासारखं उरतं ते साध्या एचटीटीपीवरून येणारं, आणि ते कमी नाही. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांची पॅकेजेस, विंडोज अपडेटच्या फाइल्स, स्टीमसारख्या गेमचा मजकूर, असा मोठा माल अजून बराचसा एचटीटीपीवरच फिरतो. या फाइल्सची खातरजमा सही किंवा हॅशनं केली जाते, म्हणून ते चालतं. आणि नेमका इथेच मूळ सेटिंगमुळे घात होतो.

मॅक्झिमम_ऑब्जेक्ट_साइझ मुळात फक्त ४ एमबी आहे. मोठी अपडेट फाइल त्यात बसतच नाही. हे माहीत असलेले लोक फाइलच्या शेवटी ती ओळ घालून ४ जीबी करतात आणि तरीही टीसीपी_मिसच येत राहतं. कारण क्रम. ही ओळ कॅश_डिरच्या ओळीच्या वर असायला हवी. कॅश_डिर वाचताना स्क्विड तोपर्यंतची मर्यादा धरून ठेवतो, नंतर आलेली त्याला लागू होत नाही. कॅश_रिप्लेसमेंट_पॉलिसीचंही तसंच. बाइट वाचवायचे असतील तर ती हीप एलएफयूडीए ठेवा. मूळ एलआरयू धोरण शेवटी कधी वापरलं तेवढंच बघतं, त्यात एक मोठी उपयोगी फाइल सहज बाहेर फेकली जाते. आणि कॅश_डिरची ओळच नसेल, तर स्क्विड फक्त मेमरीत साठवतो. पुष्कळ ठिकाणी ती ओळ मूळ फाइलमध्ये टिप्पणी म्हणून बंद असते.

विंडोज अपडेटचा आणखी एक पेच आहे. ते फाइल सलग न मागता तुकड्यातुकड्यानं मागतं, आणि स्क्विड तुकडे साठवत नाही. रेंज_ऑफसेट_लिमिटची मर्यादा काढली तर तो तुकडा मागितला की अख्खी फाइल आणतो आणि साठवतो. मात्र हे सरसकट लावलं तर सॅटेलाइटवर अनर्थ होतो. कुणी मोठ्या फाइलचा एवढासा तुकडा मागून निघून गेलं तरी सगळे जीबी कोट्यातून जाणार, कारण मर्यादा काढल्यावर क्विक_अबॉर्टचे (मध्येच सोडलेलं डाउनलोड थांबवण्याचे) नियमही बाजूला पडतात. म्हणून फक्त अपडेटच्या डोमेनचं एसीएल (नियम कशाला लागू ते सांगणारी यादी) बांधून तेवढ्यापुरतं लावा.

खरं तर विंडोजसाठी मी आधी त्याचंच डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू करून बघेन, त्यात मशीनं एकमेकांकडून तुकडे घेतात. एखादा मॅक कायम चालू असेल तर त्यातलं कंटेंट कॅशिंग ॲपलच्या उपकरणांची अपडेट साठवतं. डेबियन-उबुंटूसाठी एपीटी-कॅशर-एनजी, पोर्ट ३१४२. हे प्रत्येक आपापल्या मालाला ओळखतं, त्यामुळे स्क्विडला ओढूनताणून ते शिकवण्यापेक्षा बरं.

पारदर्शक पद्धतीनं, म्हणजे उपकरणांना न सांगता पोर्ट ८० वळवून प्रॉक्सी लावला असेल, तर कॅश लॉगमध्ये 'होस्ट हेडर फोर्जरी डिटेक्टेड' असं काही दिसतं का पाहा. या पद्धतीत स्क्विड स्वतः नाव सोडवून बघतो आणि वापरणाऱ्यानं गाठलेला पत्ता त्यात आहे का ते तपासतो. उपकरण एक डीएनएस वापरत असेल आणि स्क्विड दुसरा, तर मोठ्या सीडीएनचे (एकच मजकूर अनेक सर्व्हरवरून देणाऱ्या जाळ्यांचे) पत्ते दोघांना वेगवेगळे मिळतात. मग स्क्विड ती विनंती पुढे जाऊ देतो, पण उत्तर साठवत नाही. बाहेरून सगळं सुरळीत दिसतं, फक्त हिट लागत नाही. दोघांनाही वरचा एकच अनबाउंड द्या, आणि बाहेरच्या पोर्ट ५३ ची वाट बंद करा. शक्य असेल तिथे मात्र पारदर्शक पद्धत टाळून पॅक फाइलनं (ब्राउझरला कोणता प्रॉक्सी वापरायचा ते सांगणाऱ्या फाइलनं) उघडपणे प्रॉक्सी द्यावा.

काही साइट संथ, बाकीच्या ठीक

सॅटेलाइटच्या मोडेममध्ये आणि पलीकडच्या गेटवेत टीसीपीला वेग देणारी यंत्रणा बहुधा असते. मोडेम स्वतःच पोच देऊन टाकतो, त्यामुळे सुरुवातीच्या त्या सावध फेऱ्या वाचतात. क्विक हा नवा प्रोटोकॉल यूडीपी ४४३ वरून जातो आणि आतून कूटबद्ध असतो, त्यामुळे या यंत्रणेला त्यात हात घालता येत नाही. यूडीपी ४४३ राउटरवर नाकारा, ब्राउझर आपोआप टीसीपीवर येतात. व्हीपीएनमध्येही हीच अडचण होते, पण तिथे व्हीपीएन गरजेचा असेल तर इलाज नाही.

मुसळधार पावसात केयू आणि त्याहून जास्त केए बँडचा सिग्नल पडतो, त्याला प्रॉक्सी जबाबदार नाही. मार्चच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सलग काही दिवस, रोज जवळजवळ त्याच वेळी, काही मिनिटं भूस्थिर लिंक जात असेल, तर सूर्य उपग्रहाच्या अगदी मागे येतोय. कॉन्फिगमध्ये काही शोधत बसू नका.

बदल लागू झाला का, हे तपासताना

साधी एचटीटीपी पत्त्यावरची एखादी पॅकेज फाइल कर्ल या कमांडनं प्रॉक्सीतून उतरवा, आणि मग दुसऱ्या मशीनवरून तीच फाइल परत. दुसऱ्या वेळी उत्तरात एक्स-कॅश या हेडरपुढे हिट आलं पाहिजे, आणि ॲक्सेस लॉगमध्ये टीसीपी_हिट. ब्राउझरनं तपासू नका, त्याची स्वतःची कॅश मध्ये येते. फाइल ५० एमबीच्या पुढची निवडा. ५०० केबीच्या फाइलनं तपासलंत तर मॅक्झिमम_ऑब्जेक्ट_साइझचा क्रम चुकलेला असला तरीही हिटच दिसेल. शेवटी स्क्विड पूर्ण रीस्टार्ट करून तीच फाइल तिसऱ्यांदा मागा. आता मिस आलं, तर कॅश डिस्कवर लिहिली जातच नाहीये: कॅश_डिरची ओळ आणि त्या फोल्डरची मालकी तपासा, तो स्क्विड ज्या युजरनं चालतो त्याच्याच नावावर असायला हवा.